ख्रिस्ती उपासना : वेदीपासून उंबरठ्यापर्यंत

मुंबईत माहीमच्या परिसरात राहणाऱ्याला बुधवार वेगळा सांगावा लागत नाही. सेंट मायकेल चर्चच्या बाहेर फुले आणि मेणबत्त्या विकणाऱ्यांची रांग लागते, रस्त्यावरची वाहने मंदावतात आणि दिवसभर निरनिराळ्या भाषांतून 'निरंतर साहाय्यकारी माते'ची नोव्हेना होत राहते. १९४८ मध्ये सुरू झालेल्या या प्रार्थनेला ख्रिस्तेतर भाविकही मोठ्या संख्येने येतात. कोणी नोकरीसाठी, कोणी घरासाठी, कोणी आजारातून उठण्यासाठी नऊ बुधवारांचा नेम धरलेला असतो.

ही गर्दी पाहून ख्रिस्ती उपासना म्हणजे मुख्यतः मागणे, असा समज होण्याचा संभव आहे. मागणे हा उपासनेचा भाग आहेच. त्याची लाज ख्रिस्ती परंपरेने कधी बाळगलेली नाही. खुद्द येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीची मागणी आहे. मात्र त्याच प्रार्थनेत, भाकरीच्या मागोमाग, क्षमेची मागणी येते आणि तिला एक अट जोडलेली आहे. आपण दुसऱ्याला जशी क्षमा केली तशी आपल्याला मिळावी, अशी ती अट आहे. रोज सकाळ-संध्याकाळ ही प्रार्थना म्हणणारा माणूस रोज दोनदा स्वतःलाच या अटीत बांधून घेत असतो. ख्रिस्ती माणसाच्या दैनंदिन जीवनातील उपासनेचे सामर्थ्य शोधावयाचे तर ते नवसाच्या फळापेक्षा या अटीत शोधावे लागेल.

'उपासना' हा शब्द मराठी ख्रिस्ती लेखकांनी आपल्याच परंपरेतून उचलला. 'उप' म्हणजे जवळ आणि 'आस्' म्हणजे बसणे. देवाच्या जवळ बसणे ती उपासना. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रविवारच्या सामुदायिक प्रार्थनेला हाच शब्द रूढ आहे. कॅथलिक लोक 'मिस्सा' म्हणतात. तो लॅटिनमधून पोर्तुगीजांच्या मार्गे आला. आरंभीच्या ग्रीक भाषक ख्रिस्ती लोकांनी वापरलेला 'लितुर्गिया' हा शब्द मात्र मुळात देवळातला नव्हता. ग्रीक नगरांत एखाद्या सधन नागरिकाने पदरमोड करून लोकांसाठी केलेल्या कामाला तो शब्द होता. म्हणजे जवळ बसणे आणि लोकांच्या कामी येणे, असे दोन अर्थ या एका विधीच्या दोन नावांत दडलेले आहेत.

बाहेरच्यांनी पाहिलेली उपासना

ख्रिस्ती उपासनेचे ख्रिस्तेतर माणसाने केलेले सर्वांत जुने वर्णन एका रोमन अधिकाऱ्याचे आहे. इ. स. ११२ च्या सुमारास बिथिनिया प्रांताचा शासक धाकटा प्लिनी याने सम्राट ट्रेजनला पत्र लिहून, या नव्या पंथाचे काय करावे, अशी विचारणा केली. चौकशीत त्याला आढळले ते असे, की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र गातात आणि एक शपथ घेतात. ती शपथ कोणत्या गुन्ह्याची असेल, अशी त्याला शंका होती. निघाले ते उलटेच. चोरी करणार नाही, दरोडा घालणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही आणि कोणी विश्वासाने ठेवलेली ठेव मागताच नाकारणार नाही, अशी ती शपथ होती. खात्री करून घेण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ केला. त्या मंडळीत सेविकेचे काम करीत असत. त्यातूनही त्याच्या हाती अधिक काही लागले नाही.

या यादीतील ठेवीचा उल्लेख विशेष वाटतो. बँका नसलेल्या काळात शेजाऱ्याकडे ठेवलेला पैसा हा रोजच्या व्यवहाराचा प्रश्न होता आणि तो पहाटेच्या स्तोत्राच्या पंगतीला बसविलेला होता. 'दिदाखे' या अतिप्राचीन ख्रिस्ती पुस्तिकेत प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी, असे सांगितले आहे. आणि ज्याचे शेजाऱ्याशी भांडण असेल त्याने ते मिटेपर्यंत रविवारच्या भाकरी मोडण्याच्या विधीला येऊ नये, असेही. त्याचे मूळ येशूच्या डोंगरावरील प्रवचनात आहे. वेदीजवळ अर्पण घेऊन आलेल्या माणसाला भावाशी झालेला तंटा आठवला, तर अर्पण तेथेच ठेवून त्याने आधी समेट करून यावे, अशी तेथे आज्ञा आहे. इ. स. १५५ च्या सुमारास जस्टिन या लेखकाने रोममधील रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. वाचन, प्रवचन, प्रार्थना, भाकरी व द्राक्षारस आणि शेवटी वर्गणी, असा तो क्रम होता. ती वर्गणी अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परगावाहून आलेले लोक यांच्यासाठी असे. आजही गिरगावात किंवा नगरला रविवारी दानाची थैली फिरते ती उपासनेच्या मध्यात. मुख्य कार्यक्रम आटोपल्यावर ती फिरविण्याची पद्धत नाही, याचे कारण इतके जुने आहे.

घंटा, माळ आणि आशीर्वाद

वसईच्या वाड्यांतून किंवा गोव्याच्या गावांतून संध्याकाळी फिरणाऱ्याला चर्चची घंटा ऐकू येते. सकाळी, दुपारी आणि सायंकाळी अशी ती तीनदा वाजते आणि देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाची प्रार्थना तिच्यासोबत म्हणावयाची असते. जुन्या पिढीतील माणसे घंटा ऐकताच शेतात, ओट्यावर, बाजाराच्या वाटेवर असतील तेथे थांबत. केळी, विड्याची पाने आणि फुले यांवर जगणाऱ्या वसईच्या शेतकऱ्याचा दिवस या तीन घंटांनी विभागलेला असे. आता मनगटावर घड्याळ आणि हाती मोबाइल आल्यावर वेळ कळण्यासाठी घंटेची गरज उरलेली नाही. मात्र घड्याळ वेळ सांगते आणि घंटा थांबावयास सांगे, हा फरक आहे.

घंटेनंतर जपमाळ. गोव्यात तिला 'तेर्स' म्हणतात. पोर्तुगीज भाषेत 'तेर्सो' म्हणजे एक तृतीयांश. पूर्ण जपमाळेत येशू व मरिया यांच्या जीवनातील पंधरा रहस्यांचे चिंतन असे आणि एका संध्याकाळी त्यांपैकी पाचच घेतली जात, म्हणून हे नाव. २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी आणखी पाच रहस्यांची भर घातली. तेव्हापासून हिशेबाने 'तेर्स' चतुर्थांश झाली आहे, पण नाव कोणी बदलले नाही. पाच रहस्ये, प्रत्येकी दहा वेळा मरियेची प्रार्थना, सगळे मिळून वीस-पंचवीस मिनिटे. घरातील सर्वांनी एका खोलीत जमावयाचे, पाळीपाळीने एकेका रहस्याचे पुढारपण करावयाचे. लहान मुलाचाही त्यात वाटा असतो आणि तो चुकला तरी आजी सावरून घेते.

यात आध्यात्मिक आनंद रोज मिळतो, असे समजण्याचे कारण नाही. पोरे पेंगतात, कोणाचे लक्ष चुलीवरील भाताकडे असते, कोणाला मालिकेची वेळ गाठावयाची असते. तरीही ज्या घरात दुपारी बाप-लेकाचे वाजले आहे, त्या घरात संध्याकाळी त्या दोघांना एकाच खोलीत, एकमेकांच्या आवाजाला जोड देत, प्रार्थनेचा अर्धा अर्धा भाग म्हणावा लागतो. एकाने सुरुवात करावयाची आणि दुसऱ्याने पुरी करावयाची, अशी या प्रार्थनेची रचनाच आहे. गोमंतकीय घरांत तेर्स संपल्यावर मुले वडीलधाऱ्यांपुढे हात जोडून 'बेसांव' म्हणजे आशीर्वाद मागतात. मागणाऱ्याने अबोला धरलेला असो की देणाऱ्याने, तो तेथे मोडतो. मानसशास्त्राची पुस्तके उघडण्याआधी कुटुंबसंस्थेने शोधलेले हे साधन आहे आणि ते फुकट आहे.

प्रॉटेस्टंट घरांत जपमाळ नाही. तेथे 'घरची उपासना' असते. बायबलमधील एखादा अध्याय, एक गीत, एक उत्स्फूर्त प्रार्थना, एवढाच तिचा ऐवज. उत्स्फूर्त प्रार्थनेत मात्र एक गंमत होते. आई डोळे मिटून देवाशी बोलत असते आणि मुलाला कळत असते, की हे आपल्याच परीक्षेविषयी, आपल्याच खोटे बोलण्याविषयी चालले आहे.

आपल्या भाषेत, आपल्या चालीवर

ज्या शब्दांनी रोज बसावयाचे ते शब्द आपले नसतील, तर ही सवय फार खोल जात नाही. ही गोष्ट मराठी मुलखात एका इंग्रज जेझुइटाने चारशे वर्षांपूर्वी ओळखली. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि साष्टीत त्यांनी उर्वरित आयुष्य काढले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती, त्यांच्या जागी काहीतरी हवे होते. त्या गरजेतून ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' निर्माण झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे छापला गेला. देवनागरी खिळे नसल्याने तो रोमन लिपीत छापावा लागला. भाषा मात्र मराठी, कोकणीची छटा असलेली. रविवारी आणि सणासुदीला तो गाऊन दाखविला जाई. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले आणि या प्रवाहाला खीळ बसली.

त्यानंतरचा दीर्घ काळ कॅथलिकांच्या बाबतीत लॅटिनचा होता. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून लॅटिनमध्ये मिस्सा करीत आणि बाकांवर बसलेली माणसे तेवढ्या वेळात आपली जपमाळ ओढून घेत. हे चित्र बदलले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे. ४ डिसेंबर १९६३ रोजी मंजूर झालेल्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लोकभाषेला दार उघडले. १९६९ मध्ये भारतीय धर्मप्रांतांना नमस्कार, आरती, पादत्राणे बाहेर काढणे यांसारख्या देशी रीती स्वीकारण्याची परवानगी मिळाली. मिस्सेच्या मध्यात शेजाऱ्याला शांती चिंतण्याचा एक लहानसा विधी असतो. पाश्चात्त्य देशांत तेथे हस्तांदोलन करतात. आपल्याकडे हात जोडतात. 'दिदाखे'तील समेटाच्या अटीचे उरलेले हे रूप आहे. वसईत मराठी मिस्सा रुजली, मराठी गीते आली. पुढे 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ने त्या भाषेला आणखी सोपे केले. २०२० मध्ये उस्मानाबादला झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

प्रॉटेस्टंटांकडे लॅटिनची अडचण नव्हती, परंतु चालींची होती. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर येथे काम सुरू केले. आरंभीची गीते बहुतांशी इंग्रजीतून भाषांतरित, परक्या चालींवरची. शब्द मराठी आणि ठेका परका, त्यामुळे खेड्यातील माणसाची जीभ अडखळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरच्या कृष्णराव रत्नोजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. आणि मग रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग, पदे, ओव्या यांचा ओघच सुरू केला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. त्यांची गीते आजही मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहाचा कणा आहेत. अभंगाचा आकार लहान, ध्रुपद परतून येणारे, यमक कानाला पकडणारे. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही दोन रविवारांत पाठ व्हावे असे. त्यामुळे टिळकांचे गीत चर्चमधून निघाले आणि जात्यावर, विहिरीवर, शेतात जाऊन बसले. प्रवचनाला हे साधत नाही. सोमवारी सकाळी रविवारचे प्रवचन किती जणांना आठवते, हा प्रश्न कोणत्याही पाळकसाहेबांना खासगीत विचारून पाहावा.

एक पेला

नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांत बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतील होते. त्यांच्याबरोबर मोजके ब्राह्मण व इतर सवर्णही होते. प्रभुभोजनाचा विधी म्हणजे एक भाकरी आणि एक पेला. ज्या समाजात पाण्याचा पाणवठा वेगळा, तेथे एका पेल्याला ओठ लावणे म्हणजे काय, हे आज शहरातील वाचकाला कल्पनेनेच समजून घ्यावे लागेल. जातिभेद सोडणे ही मंडळीत येण्याची अट होती आणि ती अट प्रवचनात मान्य करणे सोपे, पेल्यापाशी अवघड होते.

लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त स्वतःची या बाबतीतली ओढाताण लपविलेली नाही. पती ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षे दूर राहिल्या. परत आल्यावरही त्यांनी आपले सोवळे आणि स्वयंपाक वेगळा सांभाळला. जातिभेद माणसांनी केला, देवाने नाही, हे त्यांना पटले तेव्हाच तो सुटला आणि त्यानंतर १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या निवेदनात तत्त्वज्ञान फारसे नाही. पाणी, भांडी, चूल, कोणाच्या हातचे खायचे आणि कोणाच्या नाही, असेच सगळे आहे. उपासनेने माणूस बदलतो म्हणजे नेमके काय बदलते, याचा मराठीतील इतका प्रामाणिक पुरावा दुसरा क्वचितच सापडेल.

हेही सांगितले पाहिजे, की एका पेल्याने जात संपली नाही. ख्रिस्ती घरांत सोयरीक जुळविताना आडनावामागची जुनी जात आजही हळूच चाचपली जाते. रविवारी शेजारी बसणारी माणसे लग्नाच्या मांडवात वेगळी होतात. उपासना आपोआप काम करीत नाही. तिचे शब्द ओठांवर राहिले आणि पेला केवळ रीत झाला, तर ती माणसाला आहे तसाच घरी पाठविते. वर आपण धार्मिक असल्याचे समाधानही देते. जुन्या करारातील आमोस संदेष्ट्याने सणांच्या आणि गीतांच्या गोंगाटावर जो कोरडा ओढला तो याचसाठी. न्याय नसेल तर ती गीते देवाला नकोत, असा त्याचा आशय होता. ख्रिस्ती लोक हा उतारा उपासनेतच वाचतात.

केडगावची घंटा

दुष्काळातून वाचविलेल्या मुली आणि विधवा यांच्यासाठी पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती मिशन उभे केले. १९०० च्या सुमारास तेथील वस्ती दोन हजारांच्या आसपास पोहोचली होती. उपासमार, वैधव्य आणि अपमान सोसून आलेल्या इतक्या स्त्रियांचा दिवस बांधावयाचा कसा, हा प्रश्न होता. तेथे प्रार्थना होती आणि प्रार्थनेला लागून काम होते. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना. १९०५ च्या जूनअखेरीस तेथे जे धार्मिक पुनरुज्जीवन झाले त्याची नोंद जगभरच्या ख्रिस्ती इतिहासांत घेतली जाते. मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करीत, पापे कबूल करीत. त्यावर त्या काळीही टीका झाली. त्या भावावेगाचे मूल्यमापन अभ्यासकांनी करावे. प्रस्तुत लेखकाला महत्त्वाचा वाटतो तो छापखाना. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून साध्या मराठीत बायबलचे भाषांतर केले आणि त्याचे खिळे जुळविण्याचे, छापण्याचे काम याच स्त्रियांनी केले. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. ज्यांना अक्षर शिकण्याचा अधिकार नाही असे मानले जाई, त्यांच्याच हातून ते पानोपानी तयार झाले होते.

दारे बंद झाली तेव्हा

अगदी अलीकडे एक परीक्षा सर्वांनाच द्यावी लागली. मार्च २०२० मध्ये करोनामुळे चर्चची दारे बंद झाली. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसात भिजलेल्या, पूर्ण रिकाम्या सेंट पीटर चौकासमोर उभे राहून प्रार्थना करीत असलेले जगाने पाहिले. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी परत उघडली. त्या दीड वर्षात मिस्सा मोबाइलच्या पडद्यावर आली. घरच्या उपासनेची सवय टिकविलेल्या घरांना फारसे नवीन काही शिकावे लागले नाही. ज्यांचा सारा धर्म रविवारच्या तासापुरता होता, त्यांना मात्र पडद्यासमोर उभे राहावे की बसावे, येथपासून प्रश्न पडले. प्रभुभोजन पडद्यातून घेता येत नाही, हेही त्या काळात सर्वांना उमगले. एकत्र येणे ही सोय नसून विधीचा गाभा आहे, हे धर्मशास्त्राचे वाक्य तोपर्यंत पुस्तकात होते.

साथीच्या काळातील उपासनेच्या खुणा मुंबईत त्याआधीही होत्या. १८९६ च्या प्लेगात शहर रिकामे होत असताना गावठाणांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांनी नाक्यानाक्यावर क्रूस उभारले. बांद्र्याच्या पाखाड्यांत, गिरगावातील खोताच्या वाडीच्या परिसरात, कोठे दोन इमारतींच्या बेचक्यात ते अजून दिसतात. मे महिन्यात त्यांच्यासमोर संध्याकाळी लादीन होते. क्रूसाला फुलांचा हार, खाली मेणबत्त्या, शेजारपाजारच्या घरांतून आणलेल्या खुर्च्या. एक जण संतांची नावे घेतो आणि बाकीचे प्रतिसाद देतात. ज्यांच्या घरासमोर क्रूस आहे त्यांपैकी काही आता दूरच्या उपनगरांत राहावयास गेलेले असतात, ते या संध्याकाळी परत येतात. लादीन संपली की उकडलेले चणे वाटले जातात, आणि द्रोण हातोहात पुढे सरकवीत माणसे अंधार पडेपर्यंत तेथेच बोलत बसतात.